हँडलवरचं घड्याळ

आमचे घरमालक काका फ्रान्समधल्या शेतकऱ्यांशी मराठीत बोलत. दोन-चार शब्द टाकून नव्हे, चांगली पूर्ण वाक्यं, आणि तीही अदबीनं. सायकल उभी करून ते विचारत, "अहो, ही वाट खाली नदीपर्यंत जाते का? मध्ये कुंपण-बिंपण?" ट्रॅक्टरवाला फ्रेंचमध्ये उत्तर देई. काका मान डोलावत, मराठीत आणखी काही विचारत, तो पुन्हा हात लांब करून सांगे. मग दोघं एकमेकांचा निरोप घेत आणि काका आमच्याकडे वळून म्हणत, "खाली पूल आहे, पण फाटकापाशी चिखल आहे म्हणतो." खाली पूल असे आणि फाटकापाशी चिखलही असे.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला फ्रेंच येतं का?"

"छे! पण इंग्रजीत विचारलं की त्याला वाटतं, हे आता आपलं इंग्रजी तपासणार. तो गप्प बसतो. मराठीत विचारलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो, हाताकडे बघतो. वाट सांगायला तेवढं पुरतं की."

बर्मिंगहॅममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. मी गेवराईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, आणि घरात पदवी घेणारी पहिलीच. नर्सिंगची पदवी घेऊन इथल्या एका हॉस्पिटलात लागले तेव्हा ओळखीतून ओळख निघून त्यांचा पत्ता मिळाला. बसस्टॉपवर मला न्यायला ते आले ते सायकल घेऊन. सत्तरी ओलांडलेला, काटक, हाफ पँटमधला माणूस. माझी मोठी बॅग त्यांनी सायकलच्या सीटवर आडवी टाकली, एका हातानं धरली आणि घरापर्यंत चालत नेली. वाटेत एवढंच विचारलं, "सायकल येते का गं तुला?"

मी म्हटलं, "आठवी ते दहावी वस्तीवरून शाळेत सायकलनंच जात होते. कच्च्या रस्त्यानं."

"मग तुझं निम्मं शिक्षण झालंय," ते म्हणाले.

उरलेलं निम्मं त्यांनी केलं. शहराबाहेरच्या टेकड्यांवर नेऊन उतारावर मागं कसं सरकायचं, दोन्ही ब्रेक एकदम का दाबायचे नाहीत, टायर अंगठ्यानं दाबून हवा कशी ओळखायची, हे सगळं. समजावून मात्र काहीच सांगत नसत. "करून बघ" म्हणत. मी पडले की शांतपणे विचारत, "आता कळलं?" एकच नियम त्यांनी तोंडानं सांगितला होता. "चढणीवर बोलायचं, उतारावर ऐकायचं." चढताना बोलता येत असेल तर दम बेताचा आहे असं समजायचं. उतरताना टायरचा आवाज, पुढं चालणारी माणसं, घोडे, सगळं ऐकायचं. आमच्या टोळीतला तिसरा, एक सॉफ्टवेअरवाला नागपूरकर, चढणीवर इतकं बोले की काका म्हणत, "ह्याला उतारावर सोडा रे लवकर."

काका मूळचे कराडकडचे. तरुणपणी इथं आले आणि नोकरीची सगळी वर्षं सायकलींच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली. त्यांची माउंटन बाईक जुनी, पोलादी, जोडकाम त्यांच्या हातचं. नागपूरकराची सायकल नव्या जमान्यातली, हलकी, दोन्ही चाकांना स्प्रिंग असलेली. तो चिडवायचा, "काका, तुमची सायकल म्युझियमवाले मागून राहिले." काका म्हणत, "देतो की. आधी तू चढणीवर मला गाठ."

फ्रान्सचं वेड त्यांना एका अपमानातून लागलं. इकडे इंग्लंडात रानातल्या पुष्कळ पाऊलवाटांवर फक्त चालता येतं, सायकल नेता येत नाही. एकदा कुत्रं घेऊन चाललेल्या एका गृहस्थानं त्यांना अडवून, "धिस इज अ फुटपाथ," असं मोठ्यानं ऐकवलं. काका उतरले, सॉरी म्हणाले आणि त्याच महिन्यात बोटीनं इंग्लिश खाडी ओलांडून नॉर्मंडीला गेले. तिथे त्यांना हवं ते सापडलं. मोठमोठी जंगलं, बेताचे डोंगर, दोन्ही बाजूंनी उंच बांध आणि मधून खोल गेलेल्या जुन्या गाडीवाटा, नदीकाठची दगडी गावं, आणि दुपारी बारा ते दोन जेवायला सगळं बंद करणारी माणसं. "आल्प्सला जायचं माझं वय गेलं," ते सांगत. "तिथले डोंगर तुमच्या बालाघाटाएवढे. एका दिवसात चढून, उतरून, जेवायला घरी."

त्यानंतर वर्षातून दोनदा ते तिकडे जात आणि नव्या वाटा जोडत. आधी पूर्ण वाट पायी चालायची, मगच सायकल घालायची. आणि मग ती वाट वॉलपेपरच्या उरलेल्या पट्टीच्या मागच्या बाजूवर काढायची. लांबच लांब पट्टी, खालून वर जाणारी एकच रेघ, बाजूला मराठीत खुणा. तिची गुंडाळी सायकलच्या पिशवीत असे आणि जसजसं पुढं जाऊ तसतशी ते ती उलगडत. फ्रेंच नावं त्यांना लक्षात राहत नसत, म्हणून ठिकाणांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. एका चढणीचं नाव 'सासूबाई'. "संपली म्हणावं तर परत सुरू," असं त्याचं स्पष्टीकरण. नागपूरकर एकदाच गप्प बसला होता, तो त्या चढणीवर.

फोनवरचा नकाशा त्यांना चालत नसे. "फोन वाट दाखवतो, जागा दाखवत नाही," म्हणत. जवळ फोन असे तो फक्त लीड्सला राहणाऱ्या त्यांच्या मुलीशी बोलायला. हाताला घड्याळही नव्हतं. घड्याळ होतं ते सायकलच्या हँडलला पट्ट्यानं बांधलेलं, जुनं, काट्यांचं. रानात वाटा फुटल्या की ते थांबत, पुढचं चाक इकडे-तिकडे फिरवत, घड्याळाकडे बघत, आभाळाकडे बघत आणि निघत. नागपूरकर माझ्या कानाशी म्हणे, "सूर्यनारायणाला विचारून राहिले." मी एकदा विचारलं होतं की हे घड्याळ इथं कशाला. ते म्हणाले, "माझं देवघर आहे ते." पुढं मी काही विचारलं नाही. वडीलधाऱ्यांना दोनदा विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

ते दोनदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी काकांच्या मुलीचा मला फोन आला. ती लीड्सला वकील आहे. जन्म इथलाच, मराठी घरात शिकलेली. तिला मी ताई म्हणते. एरवी ती माझ्याशी दोन मिनिटं बोले. त्या दिवशी पाऊण तास बोलली.

"तू नर्स आहेस ना, म्हणून तुला विचारते. बाबा ठीक आहे का? टू बी ऑनेस्ट, मला भीती वाटतो. लास्ट मंथ मी आली तेव्हा गॅस चालू होती. दोनदा! आणि मला आईच्या नावाने हाक मारला."

"कधीकधी होतं तसं, ताई."

"आईचे बाबा पण असंच सुरू झाले होते. आधी गॅस, मग रस्ता. एक दिवस घरीच आले नाही. बघ, मी त्याला इकडे आणायचा विचार करते. हाऊस विकून टाकू. पण तो माझं ऐकत नाही, म्हणतो तू वकील आहेस, डॉक्टर नाहीस. तुझं ऐकेल. तू फक्त बघ. नोट्स ठेव. फ्रान्सला तुम्ही जाताय, तिकडे पण बघ. तू जर म्हणालीस की समथिंग इज राँग, तर मी डिसाइड करेन."

म्हणजे काकांचं घर, सायकल, सकाळी उठून हवं तिकडे जाणं, हे सगळं माझ्या एका वाक्यावर आलं. मी नाही म्हणू शकले असते. पण ताईची काळजी खोटी नव्हती, आणि मी कामावर रोज अशी माणसं बघत होते की ज्यांच्या घरच्यांनी वेळेवर बघितलं नव्हतं. मी फोनमध्ये यादी सुरू केली. चहात साखर दोनदा. किल्ली फ्रिजवर. मंगळवारी विचारलं की आज बुधवार का. लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटे. ह्या माणसानं माझ्या पहिल्या हिवाळ्यात, मी रात्रपाळीहून यायच्या वेळी, रोज पायरीवर मीठ टाकून ठेवलं होतं, मी बर्फावरून घसरू नये म्हणून. आणि मी त्याच्या चुका मोजत होते.

सप्टेंबरात आम्ही तिघं नॉर्मंडीला गेलो. गावाबाहेर एका शेतकरीणबाईंचं दगडी घर भाड्यानं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी नव्या वाटेवर जायचं होतं. काका एप्रिलात ती पायी चालून आले होते, पट्टी तयार होती. जंगल ओलांडून पश्चिमेला जायचं, नदीवरच्या पुलाशी उतरायचं. आदल्या संध्याकाळी मी अंगणात तिघांच्या सायकली पुसल्या, चेनला तेल दिलं. काकांच्या हँडलवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ते बरोबर दोन तास मागं होतं.

मला वाईट वाटलं. फ्रान्सची वेळ इंग्लंडपेक्षा तासभर पुढं, हे विसरले असतील एक वेळ. पण दोन तास? म्हणजे घरीसुद्धा हे घड्याळ तासभर मागंच चाललं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता? आमच्या कामात रोग्याला विचारायच्या पहिल्या प्रश्नांत एक प्रश्न हा असतो, की आत्ता किती वाजले. मी यादीत लिहिलं, 'वेळेचं भान नाही. घड्याळ दोन तास मागे.' आणि मग, निदान उद्या तरी त्यांची फजिती होऊ नये म्हणून, काटे फिरवून ते बरोबर लावून ठेवलं. त्यांना बोलले नाही. त्यांना लाज वाटेल असं वाटलं.

सकाळी दहाला आम्ही जंगलात शिरलो. ऊन छान होतं. तासाभरानं अशी जागा आली की जिथं आठ वाटा चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटत होत्या. पट्टीवर काकांनी लिहिलं होतं, 'बीचचं जोडझाड, त्यावर पिवळा पट्टा, तिथून आत.' पण तिथं झाडंच नव्हती. उन्हाळ्यात लाकूडतोड झालेली होती. नुसते बुंधे, ओंडक्यांची रास आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी उखणलेला चिखल. काकांनी नेहमीप्रमाणे चाक फिरवलं, घड्याळाकडे बघितलं, वर बघितलं, आणि ते एका वाटेनं निघाले.

पाऊण तासानं आम्ही जंगलाबाहेर आलो तर समोर मक्याचं शेत. ना नदी, ना पूल. लांबवर एक पाण्याची टाकी, कुणालाच न ओळखू येणारी.

"अशी कशी?" काका म्हणाले. "चला मागं."

पुन्हा त्या आठ वाटांपाशी. पुन्हा चाक फिरवणं, पुन्हा वर बघणं. ह्या वेळी त्यांनी फार वेळ घेतला. एक शेजारची वाट बघून आले, परत फिरले, पुन्हा घड्याळाशी आले. आणि शेवटी मघाचीच वाट धरली. मी आणि नागपूरकर एकमेकांकडे बघत राहिलो. हाक मारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. पाऊण तासानं पुन्हा तेच मक्याचं शेत.

काका सायकलवरून उतरले. सायकल त्यांनी कधीच जमिनीवर आडवी टाकली नव्हती, ती आज टाकली. बांधावर बसले. नागपूरकर म्हणाला, "काका, होते असं. झाडंच कापून टाकले ना त्यांनी, आपण काय करणार." ते त्याच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"सिस्टरबाई," ते म्हणाले. थट्टेत ते मला अशी हाक मारत, पण ह्या वेळी थट्टा नव्हती. "तू फोनमध्ये लिहून ठेवतेस ते मला माहीत आहे."

मी खाली बघितलं.

"रागावलो नाही मी. पोरीनं सांगितलं असणार. लिही, आजचंही लिही. एक वाट दोनदा चुकलो, आणि चुकतोय हे कळत नव्हतं." मग म्हणाले, "तीन महिने झाले, मी रोज पहाटे पाढे म्हणून बघतो. कारखान्यातल्या माझ्या लाइनीवरच्या माणसांची नावं म्हणतो. सगळी येतात. मग झोप येत नाही, कारण वाटतं, उद्या येतील का? आज कळलं. नावं शाबूत आहेत. गेलंय ते दुसरंच."

नागपूरकरानं फोन काढला आणि आम्हाला डांबरी रस्त्यानं परत आणलं. काकांनी फोनला विरोध केला नाही. तेच मला सगळ्यात लागलं. गावात रेंज आल्याबरोबर मी ताईला खरं ते कळवलं. एकच वाट दोनदा चुकले, स्वतःच घाबरलेत, घड्याळ दोन तास मागे होतं. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं. 'थँक यू. आय न्यू इट. मी त्याला सरळ लीड्सला घेऊन येते. तू प्लीज त्याला सायकल देऊ नको.'

संध्याकाळी सात वाजता अजून ऊन होतं. मी चहा घेऊन अंगणात आले तर काका हँडलवरचा पट्टा सोडत होते. घड्याळ त्यांनी नागपूरकराच्या हातात दिलं.

"हे तुला ठेव. मला आता ह्याचा उपयोग नाही. कसं वापरायचं ते सांगतो, नाहीतर तूही देवघर समजशील." आयुष्यात पहिल्यांदा ते समजावून सांगत होते. "तासाचा काटा सूर्याकडे धरायचा. तो काटा आणि बाराचा आकडा, ह्यांच्या बरोबर मध्ये दक्षिण. होकायंत्र बिघडलं तर कळत नाही. सूर्य ढगात गेला तर निदान गेला हे दिसतं. फक्त एक ध्यानात ठेव. ग्रीनिचची रेघ इथून जवळूनच खाली जाते, म्हणजे इथल्या सूर्याची खरी वेळ ग्रीनिचचीच, आणि हे घड्याळ तिलाच लावलेलं. फ्रान्सवाले उन्हाळ्यात त्याच्या दोन तास पुढं पळतात. त्यांना पळू दे. आपण काटे हलवायचे नाहीत. मी कधी हलवले नाहीत, घरीसुद्धा."

माझ्या हातात ट्रे होता. तो मी विहिरीच्या कठड्यावर ठेवला.

त्या दोघांना काहीच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कधी कळलंही नसतं. नागपूरकरानं घड्याळ खिशात टाकलं असतं, काका लीड्सला गेले असते, आणि एका नर्सनं वेळेवर लक्ष दिलं म्हणून ताईनं जन्मभर माझे उपकार मानले असते. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. माझ्या पदवीवर त्या घरात सगळ्यांचा विश्वास होता, आणि माझ्या पदवीनंच मला चुकीचं वाचायला लावलं होतं. कामावर आम्हाला शिकवलेलं असतं की चूक झाली तर आधी सांगायची, मग रडायचं. मी तसं करायचा प्रयत्न केला, पण दोन्ही एकदम झालं.

"काका, मी हलवले."

"काय हलवले?"

"काटे. काल संध्याकाळी. मला वाटलं तुम्ही विसरलात. मी दोन तास पुढं केले. तुम्हाला न विचारता."

काकांनी नागपूरकराच्या हातातून घड्याळ काढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग काटे दोन तास मागं फिरवले. अंगणाच्या मध्यावर जाऊन तासाचा काटा सूर्यावर धरला आणि दुसरा हात लांब केला.

"फोनवाले, दक्षिण कुठे?"

नागपूरकरानं फोन आडवा धरला, जरा फिरवला. "तुमचं बोट आहे ना काका, तिकडेच. थोडंसं डावीकडे, बस."

"आता बघ." त्यांनी काटे पुन्हा दोन तास पुढं केले आणि हात सरकवला. हात चांगला हातभर डावीकडे गेला. "आणि आता?"

"आता पार चुकून राहिले तुम्ही."

"किती वाजले ते मी ह्यावर बघतच नाही, नुसता काटा सूर्याला लावतो. म्हणून पश्चिमेची वाट सोडून शेजारची धरली," काका हळू म्हणाले. "दोन्ही वेळा. बरोबर तीच चूक दोन्ही वेळा. डोकं गेलेला माणूस एवढ्या नेमानं चुकत नाही."

मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. शाळेत मास्तरांनी छडी उचलल्यावर बघायचे तशी. ते माझ्यापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं गं बाई, तू चुकलीस. फार बरं झालं."

मग त्यांना बसावं लागलं. नागपूरकरानं खुर्ची दिली, ते बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. नागपूरकर माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तू काहून हात लावला त्या घड्याळाले?" आणि काका हातांच्या आडून म्हणाले, "तिला बोलू नकोस रे."

ताईला फोन मीच केला. सगळं सांगितलं.

"सो तो हरवला नव्हता?"

"हरवले होते, पण माझ्यामुळे. ताई, गॅसचं आणि बाकीचं मला माहीत नाही. ते डॉक्टरांनाच दाखवू. पण आजचं माझ्या नावावर लिहा. कालचं घड्याळाचंही. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"तू हे मला सांगितली नसतीस तर मला कळलं नसतं," ती म्हणाली. मग, "बाबांना दे फोन." काका फोन घेऊन शेताच्या बाजूला गेले. मला ऐकू आलं ते एवढंच, "अगं नाही... नाही गं... येतो की मी तपासून घ्यायला. माझ्या पायानं येतो. तू रडू नकोस आधी."

त्याप्रमाणे ते गेले. ऑक्टोबरात, स्वतःहून, मेमरी क्लिनिकला. मी बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. काकांनी पेन हातात घेऊन गंभीरपणे विचारलं, "विच कंट्री?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा त्या इतक्या हसल्या की पुढचा प्रश्न विसरल्या. निकाल असा आला, की वयाच्या मानानं सगळं ठीक आहे, वर्षानं पुन्हा या. वास मात्र येत नव्हता त्यांना, नाकाचा जुना त्रास. गॅसचं कारण बहुधा तेच असावं. ताईनं विजेची शेगडी बसवून दिली. घर विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. पुढं मी हॉस्पिटलजवळ राहायला गेले तेव्हा माझ्या खोलीत केरळची एक मुलगी आली. तिला सायकल येत नव्हती. आता येते.

पण मला सांगायचंय ते नॉर्मंडीत त्या फोननंतर उजाडलेल्या दिवसाचं. सकाळी काका आमच्या आधी तयार होऊन सायकलपाशी उभे होते. त्या आठ वाटांपाशी ह्या वेळी त्यांना एक मिनिटही लागलं नाही. कालच्याच्या उजवीकडची वाट. आधी गवतानं झाकलेली, मग रुंद, मग बीचच्या झाडांतून लांब उतरत जाणारी. मी त्या उतारावर ब्रेक फार कमी दाबले. खाली झाडं संपली आणि नदी दिसली, तिच्यावरचा दगडी पूल, पलीकडे चर्चचा मनोरा आणि बंद दुकानं. बारा वाजून गेले होते, गाव जेवत होतं.

काकांनी सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली. "टेकतो जरा," म्हणाले आणि काठच्या गवतावर बूट, हेल्मेट सगळं घालून आडवे झाले. मी थालीपिठांचा डबा उघडून त्यांना हाक मारणार तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला. तोंड उघडं, एक हात पोटावर, एक हात नदीकडे पडलेला. नागपूरकरानं आपलं जाकीट त्यांच्या पायांवर टाकलं.

आम्ही जेवलो. गावातली दुकानं उघडली. काका हलले नाहीत. परतायला उशीर होत होता, पण उठवायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

काकांच्या पिशवीतला फोन वाजला. ताई होती. मी तो घेऊन जरा लांब गेले.

"पूल मिळाली?"

"मिळाला, ताई. सरळ आलो."

"आणि बाबा?"

"झोपलेत. नदीकाठी. दोन तास झाले."

"झोपला?" तिचा आवाज बदलला. "ही इज ओके ना?"

मी वळून बघितलं. त्यांचं पोट सावकाश वर-खाली होत होतं.

"हो. नुसते झोपलेत."

ती म्हणाली, "मग नको उठवू. झोपू दे त्याला."